चष्म्याविना त्रिमिती

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावसारख्या तीर्थाच्या गावी देवळाबाहेर तसबिरींची दुकाने असतातच. अशा बाजारांत वर्षानुवर्षे विकली जाणारी एक तसबीर जाड, खरखरीत प्लास्टिकची असते. तीत देव मागच्या प्रभावळीपासून सुटा, चौकटीच्या आत उभा दिसतो. तिच्यावरून नख आडवे ओढले की खर्र असा आवाज येतो. सगळी करामत त्या खरखरीत आहे.

प्लास्टिकवर बारीक उभी भिंगे ओळीने असतात आणि प्रत्येक भिंगाखाली किंचित वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रांच्या पट्ट्या आळीपाळीने छापलेल्या असतात. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला वेगळी पट्टी येते आणि मेंदू दोन्हींतून खोली जुळवतो. तसबीर एका कुशीवर फिरवली की खोली नाहीशी होते.

ही कल्पना बरीच जुनी. दोन चित्रांतून खोली दिसते हे चार्ल्स व्हीटस्टनने 1838 मध्ये दाखवले, पण त्यासाठी उपकरणात डोळे घालावे लागत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्ज याने चित्रापुढे उभ्या फटींचा पडदा लावला. 1908 मध्ये फ्रान्सच्या गाब्रिएल लिपमनने बारीक भिंगांच्या जाळीची कल्पना मांडली. 1941 मध्ये मॉस्कोत बिनचष्म्याचे चित्रपटगृहही उघडले. तिथे प्रेक्षकाला डोके मात्र जागच्या जागी ठेवावे लागे.

भारतात त्रिमिती आली ती चष्मा घेऊनच. 1984 चा मल्याळम 'माय डियर कुट्टिचात्तन' हिंदीत 'छोटा चेतन' झाला, आणि 2013 मध्ये महेश कोठारे यांचा 'झपाटलेला 2' मराठीत थ्रीडी झाला. चष्म्याची इतकी सवय झाल्यावर 'चष्मा लागतच नाही' ही जाहिरात थाप वाटावी, यात नवल नाही.

शंका अगदीच निराधारही नव्हती. 2011 मध्ये निन्टेंडो कंपनीने थ्रीडीएस हे हातात धरून खेळायचे, बिनचष्म्याच्या त्रिमितीचे खेळयंत्र आणले. त्याच्या पडद्यावरचे निम्मे उभे रकाने एका डोळ्याला आणि निम्मे दुसऱ्याला जात, म्हणजे बारकाई निम्म्यावर येई. मान जरा हलली की चित्र दुहेरी. शिवाय डोळे वळतात पुढे आलेल्या वस्तूकडे, पण नजर पडद्यावरच स्थिरावते. या ओढाताणीने थकवा येतो. सहा आणि त्याखालील वयाच्या मुलांना त्रिमिती दाखवू नये, असे कंपनीनेच बजावले होते. खोली कमी करायला, पार बंद करायलाही एक सरकपट्टी दिलेली होती, हे विशेष! काही महिन्यांतच अमेरिकेतली किंमत 250 डॉलरवरून 170 वर आली. 2013 मध्ये त्रिमिती वगळलेला टूडीएसही निघाला.

तसबिरीवर असा संशय कधी कोणी घेतला नाही. किंमत थोडी, आणि जे दिसते त्यापलीकडे तिने काही कबूलही केलेले नसते. खेळयंत्राला मात्र सुधारावे लागले: 2014 मधल्या सुधारित थ्रीडीएसमध्ये कॅमेरा पाहणाऱ्याच्या चेहऱ्याचा माग घेऊ लागला आणि मान हलण्याची अडचण बरीच कमी झाली. तरी शेजारी बसलेल्याला चित्र नीट दिसत नसे. 2020 मध्ये कंपनीने थ्रीडीएसचे उत्पादन थांबवले.