पैठणचे ‘हेडमास्तर’

इतिहासाचा शिक्षक म्हणून मुलांना घेऊन मी अनेकदा पैठणला गेलो. नाथांची समाधी पाहायची, मग धरणाच्या भिंतीवर जायचे, हा ठरलेला क्रम. एका सहलीत मी शंकरराव चव्हाणांविषयी सांगत होतो. धरण कोणी रेटले, पाणी कसे आले वगैरे. तेव्हा आठवीतला एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, माझ्या आजोबांचं गाव या पाण्याखाली आहे.” मी बोलता बोलता थांबलो. शंकररावांचे मोठेपण सांगताना ते वाक्य आजही माझ्या कानात असते.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी याच पैठणचा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठातून ते वकील झाले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिलढ्यात उतरले. पुढे नांदेड ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथील नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि शंकरराव उपमंत्री झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर पाटबंधारे खाते त्यांच्याकडे आले, आणि इथेच त्यांच्या कारकिर्दीचा खरा धागा सापडतो.

जायकवाडी हे बीड जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव. धरण आधी तिथे व्हायचे होते. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली, तेव्हा शंकरराव पाटबंधारे मंत्री होते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा ते मुख्यमंत्री होते. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि शंभर टीएमसीहून अधिक साठा. जलाशयाला नाव मिळाले नाथसागर. आपल्या जन्मगावी असे काम उभे राहिलेले पाहण्याचे भाग्य फार थोड्या पुढाऱ्यांना लाभते.

त्यांचा स्वभाव कडक होता. वेळेची शिस्त, फाईल वाचल्याशिवाय सही नाही, अघळपघळ बोलणे नाही. म्हणून लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. १९८६ मध्ये दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी राज्यात शून्याधारित अर्थसंकल्प आणला. दरवर्षी प्रत्येक खर्चाची गरज नव्याने सिद्ध करा, असा त्याचा अर्थ. खात्यांना ते जाचक वाटले, यात नवल नाही. गंमत अशी की दोन्ही वेळा मिळून त्यांना मुख्यमंत्रिपद जेमतेम साडेचार वर्षे लाभले.

दिल्लीत मात्र ते दीर्घकाळ टिकले. शिक्षण, नियोजन, संरक्षण, अर्थ आणि दोन वेळा गृह ही खाती त्यांनी सांभाळली. निष्ठावंत अशी त्यांची ख्याती. पण १९७७ च्या पराभवानंतर मुख्यमंत्रिपद गेले तेव्हा ते पक्षाबाहेर पडले आणि १९७८ च्या पुलोद मंत्रिमंडळातही बसले, हे विसरू नये. पुढे ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले.

दोन प्रसंगी त्यांच्यावर कठोर टीका झाली. आणीबाणीत ते राज्याचे मुख्यमंत्री होते. आणि ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा देशाचे गृहमंत्री तेच होते. त्यानंतर मुंबईत दंगली झाल्या, १९९३ च्या मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. फाईल चोख ठेवणारा माणूस निर्णयाच्या क्षणी पुरेसा खंबीर होता का, हा प्रश्न इतिहास विचारणारच. व्यक्तिशः ते प्रामाणिक होते, एवढे सांगून तो प्रश्न मिटत नाही.

२६ फेब्रुवारी २००४ रोजी ते गेले. पुढल्याच वर्षी राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व त्यात आले. तरी पावसाने दगा दिला की, नाशिक-नगरची वरची धरणे आणि जायकवाडी यांच्यात वाद पेटतो. छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येणारे पाणी नाथसागरातूनच येते. इथल्या घराघरांतील हंडे-टाक्या सांगतात, की धरण बांधणे हे अर्धेच काम होते. वाटप हे उरलेले अर्धे. ते हेडमास्तरांच्या पुढच्या पिढ्यांवर सोपवले गेले होते.

त्या मुलाला मी तेव्हा काही उत्तर दिले नाही. आज भेटला तर सांगेन : बाळा, शंकररावांनी मराठवाड्याला पाणी दिले हे खरे, आणि त्या पाण्यासाठी तुझ्या आजोबांनी गाव दिले हेही तितकेच खरे. धरणाच्या इतिहासात पहिले नाव कोरलेले असते. दुसरे आपण सांगायचे असते. त्यानंतर प्रत्येक सहलीत मी दोन्ही सांगत आलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)