काचेवर वाफ धरते तेव्हा

चष्मा लावणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. गरम चहाचा कप तोंडाशी नेला की काचांचं जे होतं, त्याला इंग्रजीत ‘फॉग अप’ म्हणतात. कॉलेजात असताना मी याचा अर्थ ‘धुकं वर गेलं’ असा लावून मोकळा झालो होतो. पण इथला ‘अप’ दिशा दाखवत नाही. ‘फिल अप’मधल्यासारखा तो ‘पुरतं, पार’ असं सांगतो. आपण म्हणतो, काचेवर वाफ धरली. बुरशी धरते, शेवाळ धरतं, तशीच वाफ. मला आपलं क्रियापद जास्त आवडतं. त्यात पकड आहे.

ही पकड जिवावर कशी बेतू शकते, ते ५ जून १९६६ रोजी यूजीन सर्ननला कळलं. जेमिनी ९ए यानातून तो अवकाशात बाहेर पडला. यानाच्या मागच्या भागात पाठीवर बांधायचं एक जेट-यंत्र ठेवलेलं होतं. तिथवर जायचं, ते चढवायचं आणि चालवून पाहायचं. कागदावर सोपं. पण सूट हवेच्या दाबाने ताठ झालेला, पाय रोवायला धड जागा नाही, आणि एखादा नॉब फिरवायला जावं तर माणूसच उलटा फिरतो. (न्यूटनचा तिसरा नियम आम्ही मार्कांसाठी पाठ केला, सर्नन तो घाम गाळून शिकला.) नाडी १८० च्या आसपास गेली. सूट थंड ठेवायला फक्त नळीतून येणारा ऑक्सिजन होता, त्याला इतका घाम झेपेना. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली. हात तर बाहेर, पुसणार कशाने? त्याने नाक घासून बघण्यापुरतं भोक केलं.

यानात बसलेल्या टॉम स्टॅफर्डने चाचणी रद्द केली. सर्नन चाचपडतच परतला.

पुढे नासाने काचेला वाफ धरू नये म्हणून द्रव लावायला सुरुवात केली. पण खरा बग काचेत नव्हताच, दमछाकीत होता. नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी १२ च्या बझ ऑल्ड्रिनने आधी पाण्याखाली सराव केला. यानाला कठडे आणि पाय अडकवायच्या जागा बसवल्या होत्या. काम न धापा टाकता झालं. अपोलोच्या सूटमध्ये तर अंगालगत थंड पाण्याच्या बारीक नळ्या आल्या. डिसेंबर १९७२ मध्ये तसाच सूट घालून सर्नन चंद्रावर तीनदा बाहेर पडला, दर वेळी सात तासांहून जास्त.