माजींच्या सह्या

पदावरील पुढाऱ्याच्या सहीला बाजारभाव असतो. पद गेले की तो उतरतो, असा स्वाक्षऱ्या जमविणाऱ्यांचा सर्वसाधारण समज. शिवडी-परळच्या चाळींतून निघणाऱ्या तसबिरी पाहताना आम्हांस हा समज अर्धाच खरा वाटत आला आहे.

सहीला उघडपणे दर लावला तो गांधींनी. हरिजन निधीसाठी ते एका सहीचे पाच रुपये घेत. त्या काळी गिरणीतील हातांना पाच रुपये ही लहान रक्कम नव्हती. सहीचे छायाचित्र त्यामुळे वकिलाच्या दिवाणखान्यात लागले आणि कामगाराच्या खोलीत बिनसहीचे. शिवडीत १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींच्या भिंतींनाही हाच न्याय लागू असावा. तेथे सहीवाचूनच पुढारी घरातला होई.

या मुलखाचे पुढारी तरी सही मागण्याजोगे स्थिर कोठे होते? श्रीपाद अमृत डांगे १९५७ साली व पुन्हा १९६७ साली मध्य मुंबईतून लोकसभेत गेले, आणि १९८१ साली त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकले. परळचे आमदार कृष्णा देसाई यांचा १९७० साली खून झाला. पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले व शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. दत्ता सामंत १९८२च्या संपानंतर, १९८४ साली, अपक्ष म्हणून खासदार झाले आणि १९९७ साली मारले गेले. ‘माजी’ हा शब्द येथे निवृत्तीचा वाचक नाही. देसायांना तर तो लावताच येत नाही.

या संदर्भात आम्हांस एक छायाचित्र नेहमी आठवते. मीरत कटाच्या खटल्यातील पंचवीस आरोपी तुरुंगाबाहेर ओळीने उभे-बसलेले आहेत. खटला १९२९ साली सुरू झाला, निकाल १९३३ साली लागला. त्यात डांगे आहेत, मिरजकर आहेत, फिलिप स्प्रॅट व बेन ब्रॅडली हे इंग्रजही आहेत. तेव्हा कोणाजवळही पद नव्हते, होता तो आरोपपत्रातील क्रमांक. पुढे १९५८ साली शां. सा. मिरजकर मुंबईचे महापौर झाले. महापौरपदाच्या झग्यातील त्यांचे सहीचे चित्र आणि हे बिनसहीचे चित्र यांतून एक निवडावयाचे झाले, तर आम्ही दुसरे उचलू. संग्राहक आम्हांस हसतील, हे ठाऊक आहे.

खरी सही ओळखणे हा स्वतंत्र विषय. निवडणुकीच्या पत्रकांवरील व शुभेच्छापत्रांवरील बहुतेक सह्या छापील असतात. भिंग धरले की छापील सही ठिपक्यांत विरते. हाताच्या सहीची शाई कागदाच्या लेपावर बसलेली दिसते व तिरप्या उजेडात निराळी चमकते. परदेशात त्याहून चतुर फसवणूक आहे. केनेडींच्या नावाच्या अनेक सह्या यंत्राने केलेल्या आहेत, आणि त्या तंतोतंत एकमेकींवर बसतात हीच त्यांची खूण. माणसाच्या दोन सह्या तशा कधीच बसत नाहीत. आपल्याकडे यंत्राची गरज नव्हती, विश्वासू चिटणीस पुरत.

मात्र शिवडीत खोटेपणापेक्षा हवा अधिक नुकसान करते. खाडीकाठच्या दमटपणाने जुन्या कागदावरील जिलेटिनचा थर फुगतो, बुरशी धरते आणि चित्र काचेलाच चिकटते. उपटू गेल्यास चेहरा काचेवर राहतो, सही फाटते. झरणीच्या लेखणीची शाई उजेडाने फिकट होते. निळी सही दहा-वीस वर्षे भिंतीवर राहिल्यावर तपकिरी ओरखडा उरतो. कसरीला सहीत रस नसतो, तिला मागचा खळ लागतो.

म्हणून चाळ रिकामी करताना तसबीर हाती आली, तर चौकट फोडण्याआधी पाठ पाहावी. तेथे छायाचित्रकाराच्या दुकानाचा शिक्का असतो, कधी शिसपेन्सिलीने लिहिलेली तारीख असते, सभेचे ठिकाण असते. सहीखाली तारीख घालण्याची सवय पुढाऱ्यांना क्वचितच. पाठीमागे ती लिहून ठेवणारा सहसा घरातलाच कोणी असतो. त्याचे नाव मात्र कोठेही नसते.