मुद्रिकेचा निवाडा

महाकाव्यातील पात्रांचा नैतिक निवाडा करण्याची हौस मराठी वाचकाला नवी नाही. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी अर्धसत्य बोललेल्या धर्मराजाला दोषी धरावे की नाही, कर्णाने ऐन वेळी पक्ष बदलला असता तर तो मोठा ठरला असता की लहान, यांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झडत आले आहेत. परंतु त्या वादांत शंकानिरसनासाठी व्यासांना पत्र धाडण्याची सोय कोणालाच नव्हती. ग्रंथकर्ता हयात आहे, प्रकाशकामार्फत त्याच्यापर्यंत पत्र पोहोचते, शंका विचारली असता तो पानेच्या पाने कैफियत लिहितो, आणि तरीही वाद मिटत नाही, इतकेच नव्हे तर त्या कैफियतीलाच नवा दाखला मानून वादी-प्रतिवादी पुन्हा कंबर कसतात, असा विलक्षण प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत एका कल्पित महाकथेच्या बाबतीत घडला. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'भोवती जमलेल्या वाचकांची ही वादपरंपरा. आज कोणत्याही दीर्घ अद्भुतकथेचे चाहते ज्या रीतीने तर्क लढवितात आणि पात्रांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात, त्या रीतीचा शिरस्ता बहुतांशी येथे पडला, असे माझे मत आहे.

पहिला अंकुर फुटला तो प्रकाशनाच्या व्यवहारी अडचणींतून. टॉल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्रजी भाषेचे प्राध्यापक. 'द हॉबिट' या १९३७ सालच्या आपल्या बालकथेचा उत्तरभाग म्हणून त्यांनी आरंभिलेली कथा वाढत वाढत सहस्राधिक पृष्ठांची झाली, आणि युद्धोत्तर काळातील कागदाची महागाई व खपाची अनिश्चिती ध्यानी घेऊन 'जॉर्ज ॲलन अँड अन्विन' या प्रकाशनसंस्थेने ती तीन खंडांत विभागली. पहिला खंड २९ जुलै १९५४ रोजी आणि दुसरा त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला निघाला. परंतु वंशावळी, कालगणना आणि लिप्या यांची परिशिष्टे वेळेवर सिद्ध न झाल्याने तिसरा खंड २० ऑक्टोबर १९५५ पर्यंत लांबला. दुसऱ्या खंडाच्या शेवटी कथानायक फ्रोडो शत्रूच्या बुरुजात बेशुद्धावस्थेत बंदिवान होतो आणि त्याचा निष्ठावंत सोबती सॅम बंद दाराबाहेर कोसळून पडतो. दर खंडास २१ शिलिंग मोजलेल्या वाचकांना या अवस्थेत अकरा महिने तिष्ठत ठेवल्यावर त्यांनी पुढील कथेविषयी तर्क केले नसते तरच नवल.

तर्काला पद्धती मात्र ग्रंथकर्त्यानेच शिकविली. 'द हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हा गुहावासी जीव कोड्यांच्या पैजेत आपली अंगठी पणाला लावतो आणि हरल्यावर सभ्यपणे क्षमा मागून त्या कथेचा नायक बिल्बो याला बाहेरची वाट दाखवितो. पुढे हीच अंगठी जगाचा विध्वंस करू शकणारी, धारकाचे मन ग्रासून टाकणारी मुद्रिका ठरल्यावर गॉलमने ती राजीखुशीने पैजेवर लावली असेल, हे असंभाव्य झाले. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने लिहिले गेले. येथे सामान्य लेखक जुनी आवृत्ती विसरून जाण्याची विनंती करता. टॉल्किन यांनी असे ठरविले की जुना मजकूर हा बिल्बोने आपल्या मालकीहक्काला बळकटी आणण्यासाठी रचलेली खोटी जबानी होती, आणि अंगठीने त्याच्या मनावर पहिल्या दिवसापासून अंमल बसविल्याचा तोच पुरावा होय. दोन आवृत्त्यांमधील विसंगती अशा रीतीने कथेतील नैतिक घटना बनली. मजकुरात जेथे फट दिसेल तेथे काही तरी दडलेले असावे, हा वाचकांचा पुढे पक्का झालेला विश्वास या एका कृतीपर्यंत मागे नेता येतो.

प्रश्नकर्तेही मामुली नव्हते. १९५४ सालीच ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक पुस्तकविक्री केंद्राच्या व्यवस्थापकाने टॉल्किन यांना विचारले की, कथेतील एल्फ जातीचे लोक पुनर्जन्म घेतात हे ख्रिस्ती तत्त्वज्ञानात कसे बसावे, आणि दुष्ट शक्तीने ऑर्क व ट्रोल या राक्षसी जाती निर्माण केल्या असे एक पात्र म्हणते ते कसे ग्राह्य धरावे, कारण निर्मितीचा अधिकार केवळ ईश्वराचा. टॉल्किन यांनी या हरकतींचा मुद्देसूद जबाब लिहावयास घेतला, तो लांबत गेला, आणि आपण स्वतःला फारच महत्त्व देत आहोत असे वाटून त्यांनी तो धाडलाच नाही. हा मसुदा आज त्यांच्या छापील पत्रसंग्रहात वाचावयास मिळतो. एका वाचकाच्या शंकेपुढे आपल्या कल्पित विश्वाची घटना तपासावयास बसलेला हा विद्वान पाहिला म्हणजे माझा आदर दुणावतो.

परंतु सर्वांत मोठी तकरार फ्रोडोची. ज्या अग्निपर्वताच्या गर्भात मुद्रिका टाकून तिचा नाश करावयाचा, त्याच्या मुखाशी, शेकडो कोस उपाशीतापाशी तुडवून पोहोचल्यावर, फ्रोडो ती टाकण्याचे नाकारतो आणि स्वतःची म्हणून बोटात घालतो. कार्य सिद्धीस जाते ते गॉलमने त्याचे बोट तोडून अंगठी हिसकावल्यामुळे आणि त्या उन्मादात तो तोल जाऊन खाली कोसळल्यामुळे. मग फ्रोडोला जो जयजयकार लाभला त्याला तो पात्र होता काय? एका संतप्त वाचकाने तर लेखकाला लिहिले की फ्रोडोचा सन्मान व्हावयाचा नव्हता, द्रोही म्हणून त्याला देहान्त शिक्षा द्यावयास हवी होती. १९५६ च्या सुमारास या पत्राचा उल्लेख करताना टॉल्किन म्हणतात की आपली कथा वर्तमानाला किती लागू पडते हे त्यांना ते पत्र वाचेपर्यंत कळलेच नव्हते. कैद्याला छळून त्याचे मन मोडावयाचे आणि मग त्यालाच दोषी धरावयाचे, हे प्रकार त्या काळी जगाच्या डोळ्यांसमोर होते.

त्यांचा स्वतःचा निर्णय त्यांनी अनेक पत्रांतून मांडला आणि १९६३ च्या एका दीर्घ पत्राच्या मसुद्यात त्याचा सर्वांत विस्तृत तपशील सापडतो. फ्रोडो अपयशी ठरला हे ते निःसंदिग्धपणे मान्य करतात. पण त्या स्थळी मुद्रिकेचा प्रभाव अशा पराकोटीला पोहोचला होता की कोणाही देहधारी व्यक्तीला तो परतविणे शक्य नव्हते, आणि जे शक्यच नाही त्यात आलेले अपयश नैतिक अपराध ठरत नाही. फ्रोडोने पूर्वी गॉलमला जीवदान दिले, त्या दयेमुळेच अखेरच्या क्षणी गॉलम तेथे हजर होता.

हा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु याच पत्रात लेखकाने एका दुसऱ्याच जागी बोट ठेवले आहे आणि ती जागा वादाच्या धामधुमीत पुष्कळांच्या नजरेतून सुटते. शत्रूच्या प्रदेशात नेणाऱ्या किरिथ उंगोल या खिंडीच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम थकून झोपले आहेत. फ्रोडोचे मस्तक सॅमच्या मांडीवर आहे. त्यांना शत्रूच्या तोंडी देण्याचा कट शिजवून गॉलम परत येतो आणि हे दृश्य पाहून थबकतो. त्याच्या डोळ्यांतील हिरवट चमक विझते, मुद्रा फ्रोडोच्याच जातीच्या म्हाताऱ्या, दमल्याभागल्या हॉबिटासारखी होते, आणि तो भीत भीत हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि चोरट्यासारखा कोठे भटकत होतास म्हणून त्याच्यावर खेकसतो. ती चमक परत येते. त्या क्षणी गॉलमचा पश्चात्ताप खुडला गेला, असे लेखकाचे मत आहे, आणि निमित्त ठरला तो कथेतील सर्वांत प्रेमळ, सर्वांत निष्ठावंत पुरुष. अपराधाची इतकी सूक्ष्म वाटणी करणारी कथा वाचकांनी न्यायासनावर बसून वाचली, तर त्यात अतिरेक कसला?

त्या न्यायासनाचा अधिकार एकदा पुस्तकाबाहेरही चालला. १९६५ साली अमेरिकेतील 'एस बुक्स' या संस्थेने, इंग्लंडातून आयात झालेल्या छापील फर्म्यांमुळे तेथील कायद्याचे संरक्षण सुटले असे धरून, लेखकाच्या संमतीवाचून आणि मानधनावाचून ७५ सेंटांची आवृत्ती बाजारात आणली. 'बॅलन्टाइन'ने काढलेली अधिकृत आवृत्ती ९५ सेंटांची होती. हयात लेखकाविषयी सौजन्य बाळगणाऱ्यांनी हीच घ्यावी, असे टॉल्किन यांचे आवाहन तिच्या मलपृष्ठावर होते. अमेरिकन वाचकांना पत्रोत्तरे देतानाही ते हीच विनंती करीत. वाचकांनी बहुसंख्येने महाग प्रत पसंत केली, आणि अखेर 'एस'ने लेखकास मानधन देऊन पुनर्मुद्रण थांबविले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील एका विद्यार्थ्याच्या पुढाकाराने अमेरिकेत टॉल्किन सोसायटी स्थापन झाली, १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात मिथोपोइक सोसायटी आणि १९६९ मध्ये इंग्लंडात टॉल्किन सोसायटी; त्यांच्या नियतकालिकांमुळे वादाला कायमचे दप्तर मिळाले. 'बॅलन्टाइन'च्या त्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, मुद्रिका म्हणजे अणुबॉम्ब आणि कथा म्हणजे दुसरे महायुद्ध या लोकप्रिय तर्काचा टॉल्किन यांनी स्वच्छ निषेध केला. मात्र आपल्या अनुभवाला कथा लावून पाहण्याची मुभा त्यांनी वाचकालाच बिनशर्त दिली.

बलरॉग नावाच्या राक्षसाला खरोखरीच पंख होते की ती केवळ उपमा, यावरही चाहत्यांनी बरीच शाई खर्चिली आहे. टॉम बॉम्बाडिल हे पात्र मुळात कोण, याचे गूढ लेखकाने हेतुपुरस्सर राखले होते. या दोहोंत मला विशेष गोडी नाही. ऑर्कांचा प्रश्न मात्र जड आहे. डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने १९६५ साली टॉल्किन यांना विचारले की, एक अखिल जातच्या जात उद्धाराच्या पलीकडे दुष्ट मानणे हे धर्मविरोधी नव्हे काय? मूळचे ते दुष्ट नव्हते, हा लेखकाचा पक्ष. परंतु ग्रंथातच गोरबॅग नावाचा ऑर्क, जखमी सोबत्याला टाकून जाणे ही एल्फांची नीच रीत म्हणून धिक्कारतो, आणि युद्ध संपल्यावर वरिष्ठांच्या जाचापासून दूर चार विश्वासू गड्यांसह सुखाने राहण्याचे बेत करतो. ज्याला सोबत्याचा त्याग निंद्य वाटतो त्याला धर्म-अधर्माचा विवेक आहे. आणि विवेक असणाऱ्याची कत्तल निर्धास्तपणे वाचणे मला तरी जमत नाही.

टॉल्किन यांचा मृत्यू २ सप्टेंबर १९७३ रोजी झाला. त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या 'द सिल्मरिलियन'मध्ये ऑर्क हे छळून विकृत केलेल्या एल्फांचे वंशज असल्याचे मत आले. १९९३ साली छापलेल्या उत्तरकालीन टिपणांत मनुष्यांपासून, पशूंपासून, अशा निरनिराळ्या उपपत्ती आढळतात, आणि त्यांपैकी कोणत्याही एकीवर लेखकाची अखेरची मखलाशी झालेली नाही. फ्रोडोचे प्रकरण तेवढे निकाली निघण्याजोगे आहे. ज्यांना त्याचा न्याय करावयाचा असेल त्यांनी अग्निपर्वताचे प्रकरण उघडण्यापूर्वी किरिथ उंगोलच्या पायऱ्यांचे प्रकरण एकदा सावकाश वाचावे.