बोब्रोवचा गजर

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी शहाबादी फरशीवर पाणी मारायचं आणि तिथंच उघड्या अंगानं लवंडायचं, असा आमच्या घरचा रिवाज. बाहेर पारा 44च्या आसपास, आणि आत अण्णाकाका आम्हा पोरांना बर्फावरच्या गोष्टी सांगायचे. हॉकी म्हणजे ध्यानचंद एवढंच आम्हाला ठाऊक. "ही तसली हॉकी नव्हं रे. हिच्यात चेंडू नाही, रबराची चकती. पळायचं नाही, घसरत जायचं," असं म्हणून ते उठायचे, हातात लाटणं घ्यायचे आणि ओल्या फरशीवर एक कडक भाकरी सर्रकन सरकवायचे. मग आतून आज्जीचा आवाज यायचा, "अन्नाशी खेळायलास काय बे? घोडा झालास की!"

आजोबा गिरणीत होते, लाल बावट्याच्या सभांना जाणारे. त्या ओळखीतून की मार्कांच्या जोरावर, हे घरात दोन प्रकारे सांगतात, पण 1971 साली काकांना मॉस्कोच्या पॅट्रिस लुमुंबा विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. आज्जीनं पत्र्याच्या डब्यात कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी भरून दिली. भाकरी महिनाभर टिकली म्हणे. चटणी मात्र हॉस्टेलच्या पोरांनी आठवड्यात संपवली, काळ्या पावाला लावून. केफीर प्यायल्यावर काकांनी घरी लिहिलं होतं की इथं ताक मिळतं, फक्त फोडणी मिळत नाही.

हॉस्टेलच्या दारावर एक म्हातारी बसायची, मांडीवर लोकरीचं विणकाम घेऊन. तिचं नाव काका विसरले. ते तिला बाबुश्काच म्हणायचे. काकांच्या बर्फाच्या गोष्टी खरं तर तिच्या. आणि तिच्या गोष्टींचा नायक एकच, व्सेवोलोद बोब्रोव.

बोब्रोव 1922चा, मोर्शान्स्कमध्ये जन्मलेला आणि लेनिनग्राडजवळच्या सेस्त्रोरेत्स्क गावी वाढलेला. आपल्याकडं खरीप वेगळं आणि रब्बी वेगळं, तसं त्याचं होतं: उन्हाळ्यात फुटबॉल, बर्फ पडला की हॉकी. लहानपणी ही पोरं चेंडूनं खेळायची ती जुनी रशियन हॉकी, अकरा-अकरा जणांची. चकतीची कॅनेडियन हॉकी तिकडं रुजली ती महायुद्धानंतर. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1946च्या डिसेंबरात सुरू झाली. बोब्रोव तोवर फुटबॉलमध्ये गाजला होता. 1945 साली मॉस्कोचा दिनामो संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला, त्यात हा लष्कराच्या संघातून उसना घेतलेला गडी. चार सामन्यांत त्यानं सहा गोल मारले. उसन्या गड्यानं मालकापेक्षा जास्त पिकवलं, असं काका म्हणायचे.

बर्फावर त्याची एक खोड होती. चकती घेऊन गोलाच्या मागून वळसा घालायचा, गोली या बाजूला झुकला की त्या बाजूनं हळूच आत सरकवायची. काका चुलीला वळसा घालून ते करून दाखवायचे.

पण आम्हाला हवी असायची ती घड्याळाची गोष्ट.

हवाई दलाचा एक संघ होता, व्व्स नावाचा, आणि त्याचा कर्ताकरविता खुद्द स्टालिनचा मुलगा वासिली. बोब्रोव लष्कराच्या संघातून तिकडं आला होता. जानेवारी 1950. चेल्याबिन्स्कला सामना, संघ विमानानं निघाला. 5 तारखेला हिमवादळात स्वेर्दलोव्स्कच्या विमानतळाजवळ विमान कोसळलं. अकरा खेळाडू, डॉक्टर, मालिशवाला आणि विमानाचे सहा कर्मचारी, कुणीच वाचलं नाही. बोब्रोव मात्र त्या विमानात नव्हता. गजर झालाच नाही, साहेब झोपून राहिले आणि मागून आगगाडीनं निघाले.

निदान बाबुश्का तरी असंच सांगायची. मी पुढं वाचलं तेव्हा दुसरी हकिकतही सापडली: बदलीची कागदपत्रं पुरी व्हायची होती, म्हणून तो मागं राहिला होता. मी हे काकांना सांगितलं तर ते चिडलेच. "कागदामुळं कोण वाचलंय का आजवर? कागदामुळं माणूस मरतो." सरकारी नोकरी करून निवृत्त झालेला माणूस बोलत होता.

आज्जीचा निकाल वेगळाच. पहाटे गिरणीच्या भोंग्यावर घर उठवण्यात तिचा जन्म गेलेला. ती म्हणायची, "त्येच्या गावात भोंगा नव्हता, म्हणून वाचलं लेकरू."

त्या अपघाताची बातमी तेव्हा छापून आली नाही. वासिलीनं घाईघाईनं नवे गडी गोळा केले, संघ पुन्हा उभा केला आणि तो पुढची तीन वर्षं, 1951 ते 53, अजिंक्यही ठरला. मेलेल्यांत यूरी तारासोव होता. त्याचा थोरला भाऊ अनातोली तारासोव कधीकाळी बोब्रोवच्याच जोडीला पुढच्या फळीत खेळलेला. हे नाव पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

1952च्या ऑलिंपिकमध्ये बोब्रोव फुटबॉलचा कर्णधार होता. युगोस्लाव्हियाविरुद्ध 1-5 अशी पिछाडी, आणि तिथून 5-5. त्यात तीन गोल याचे. पुन्हा सामना झाला तो मात्र हरले. टिटोच्या देशाकडून हरणं स्टालिनच्या राज्यात परवडणारं नव्हतं. लष्कराचा फुटबॉल संघच मोडीत काढला. दोन वर्षांनी सोव्हिएत संघ पहिल्यांदा हॉकीच्या जागतिक स्पर्धेत उतरला. काका कधी स्टॉकहोम म्हणायचे, कधी हेलसिंकी. मी ताडून पाहिलं, स्टॉकहोमच. कर्णधार बोब्रोव, आणि कॅनडाला 7-2 हरवून सोनं. 1956 साली कोर्तिनाला ऑलिंपिकचंही. मग गुडघ्यांनी हात टेकले. 1957 साली तो थांबला.

पुढं तो प्रशिक्षक झाला. तारासोव लष्कराच्या संघाचा प्रशिक्षक होता आणि गड्यांना घाण्याला जुंपल्यासारखं राबवायचा. राष्ट्रीय संघावर जोडीदार प्रशिक्षक चेर्निशोवबरोबर त्यानं 1963 ते 71 अशी सलग नऊ जागतिक विजेतेपदं आणली, तेव्हा त्याला नावं ठेवायची सोय नाही. बोब्रोवची रीत दुसरी. त्याला आपण खेळाडू होतो हे विसरता यायचं नाही. पोराला खेळू द्यावं, अंगात असेल तर दिसेल. 1967 साली त्याच्या स्पार्टाकनं तारासोवच्या संघाला मागं टाकून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. "एक मास्तर, एक थोरला भाऊ," काका म्हणायचे. "मास्तरच्या हाताखाली पोरं पास होतात. भावाच्या हाताखाली झोपा काढतात, पण खेळतात काय!"

1972 साली राष्ट्रीय संघ बोब्रोवच्या हाती आला आणि सप्टेंबरात कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंशी आठ सामन्यांची ती लढत झाली. माँट्रियलला पहिलाच सामना 7-3 जिंकून रशियनांनी कॅनडाला गार केलं. मॉस्कोत पाचवाही जिंकला. मालिकेत ते पुढं होते, आता उरलेल्या तिनांतला एक पुरे. कॅनडानं तिन्ही घेतले, प्रत्येक एका गोलानं. शेवटचा 28 सप्टेंबरचा, मॉस्कोच्याच लुझनिकीत: 5-3 अशी आघाडी होती, ती गेली. 34 सेकंद राहिले असताना कॅनडाच्या हेंडरसननं गोल मारला, 6-5. पुढं 1973 आणि 74 अशी लागोपाठ दोन जागतिक सोनी आणली तरी बोब्रोवचं नाव निघालं की लोकांना ते 34 सेकंद आठवायचे. 1979च्या जुलैत तो गेला. वय 56.

आम्हाला काका सांगायचे की आपण त्या रात्री लुझनिकीत होतो. हेंडरसनच्या गोलाला शेजारचा कॅनडावाला बाकड्यावर चढला, त्याची टोपी काकांच्या मांडीवर पडली. टोपी आम्ही कधी पाहिली नाही. पाहिलं ते घड्याळ: त्यांनी येताना आणलेलं स्लावा, फिकट हिरव्या तबकडीचं, गजर असा की शेजारची गाय दचकायची. आता ते माझ्याकडं आहे. किल्ली दिली की चालतं, गजर मात्र काट्याला विचारून होत नाही.

काका गेल्यावर मी एकदा काकूंकडं तो टोपीचा विषय काढला. काकू शेंगा सोलत होत्या. "कुठलं लुझनिकी?" त्या म्हणाल्या. "हॉस्टेलच्या टीव्हीपुढं बसले होते. 5-3 झालं, म्हणाले, आता काय राहिलंय. तिथंच खुर्चीत झोप लागली. उठले तेव्हा पोरं पांगली होती, आणि ती दारावरची म्हातारी एकटीच रडत विणत बसली होती."

त्यांनी एक शेंग फोडून माझ्या हातावर ठेवली.

"तिनंच सांगितला म्हणे तो गोल."