प्रबंध, परीक्षक आणि १४९ कवट्या

लोणावळ्याला लागून असलेल्या वलवण येथे शिक्षकांच्या एका छोट्या मेळाव्यात आम्ही प्रयोग कसे करावेत याविषयी बोलत होतो. भाषण संपल्यावर एका शिक्षिकेने वेगळाच प्रश्न विचारला. "सर, पीएच.डी.ला पेपर नसतो. मार्कही नसतात. मग त्यात नापास कोण होतो, आणि कसा?" सभागृहात हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बाहेर धरणावर पाऊस धरून आला होता आणि शिक्षकांना परतीची गाडी गाठायची होती, त्यामुळे तेव्हा थोडक्यातच उत्तर दिले. सविस्तर उत्तर द्यायचे तर थोडे इतिहासात शिरावे लागते.

विद्यार्थ्याने काही वर्षे काम करून प्रबंध लिहायचा. तो जाणकार परीक्षकांकडे जातो आणि ते लेखी अहवाल देतात. अहवाल अनुकूल आले तर विद्यार्थ्याला समोर उभे करून प्रश्न विचारले जातात. याच शेवटच्या टप्प्याला मौखिक परीक्षा किंवा बोलीभाषेत 'व्हायवा' म्हणतात. इंग्रजीत याला प्रबंधाचा 'बचाव' म्हणण्याचीही पद्धत आहे. बचाव म्हटला की कोणापासून, हा प्रश्न येतोच.

अशा वादाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी केला जातो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करायचे ती वितंडा. आपण रोज वापरतो तो 'वितंडवाद' हा शब्द इथूनच आला. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे नीट मांडायचे आणि मगच उत्तरपक्ष, ही शिस्त शास्त्री मंडळी पाळत. पेशवाईत श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई, तेव्हा शास्त्र्यांची विद्वत्ता पारखली जाई. पुढे इंग्रजी अमदानीत त्याच पैशातून महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले गेले.

युरोपातही मध्ययुगीन विद्यापीठांत पदवी म्हणजे जाहीर वादसभाच असे. तिचे अवशेष अजून टिकून आहेत. नेदरलँड्समध्ये उमेदवार झगे घातलेल्या प्राध्यापकांना उत्तरे देत असतो. पाऊण तास झाला की हातात दंड घेतलेला विद्यापीठाचा सेवक आत येतो आणि लॅटिनमध्ये 'होरा एस्ट' म्हणजे 'वेळ झाली' असे पुकारतो. वाक्य अर्धे राहिले असले तरी प्रश्नोत्तरे तिथेच थांबतात!

मात्र त्या जुन्या सभांत उमेदवाराने नवीन काही शोधलेले असावे अशी अट नव्हती. माहीत असलेले ज्ञान कौशल्याने मांडता आले की पुरे. स्वतःचा नवा शोध घेऊन या, ही अट एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांनी रुजवली. बर्लिनचे विद्यापीठ १८१० चे. अमेरिकेत येल विद्यापीठाने पहिल्या पीएच.डी. पदव्या १८६१ मध्ये दिल्या, तर इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डने ही पदवी १९१७ मध्ये सुरू केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधनाची पदवी हवी असेल त्याने जर्मनीला जावे, हा रिवाजच होता.

या रिवाजात एक अडचण लपलेली होती. जर्मन पद्धतीत विद्यार्थ्याचा मार्गदर्शक हाच त्याच्या प्रबंधाचा पहिला परीक्षक असे आणि श्रेणीही मुख्यतः त्याच्याच हाती असे. ज्याने विषय दिला, ज्याच्या प्रयोगशाळेत काम केले, त्याचेच मत चूक आहे असे विद्यार्थ्याला आढळले तर काय करायचे?

हा पेच एका मराठी विद्यार्थिनीपुढे बर्लिनमध्ये उभा राहिला.

इरावती कर्वे यांना मराठी वाचक 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतात. त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले होते. पुण्यात हुजूरपागा शाळा, मग फर्ग्युसन कॉलेज आणि त्यानंतर मुंबई विद्यापीठात प्रा. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र, असे त्यांचे शिक्षण झाले. पती दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट मिळवली होती. पत्नीनेही तिथे जावे असे त्यांना वाटत होते. सासरे महर्षी कर्वे यांचा मात्र या बेताला विरोध होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाने सुनेच्या परदेशी शिक्षणाला नाही म्हणावे, हे आज वाचताना चमत्कारिक वाटते. पण माणसे अशीच असतात. अखेर डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ मध्ये इरावतीबाई जर्मनीला गेल्या.

बर्लिनमधील त्यांची संस्था मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र या विषयांची होती. ती १९२७ मध्येच स्थापन झाली होती. संचालक होते ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापे घेऊन त्यांनी नाव मिळवले होते आणि वंशांत उच्चनीच भेद असतो यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो माणसाच्या कवटीच्या असममितीचा. फिशर यांचा कयास असा होता की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, त्याला जागा देण्यासाठी त्यांची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते आणि त्यांच्या तर्कबुद्धीचे मूळ यात आहे. इतर वंशांच्या कवट्यांत हे आढळणार नाही. विद्यार्थिनीने कवट्या मोजून ते दाखवून द्यायचे होते.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय कवट्या होत्या, तशाच वसाहतींतून बर्लिनला आणलेल्याही होत्या. त्या कवट्या कशा मिळवल्या गेल्या हा इतिहास भीषण आहे आणि जर्मन संग्रहालयांना त्याची उत्तरे आज द्यावी लागत आहेत. मोजणीचा निष्कर्ष मात्र सरळ होता. कवट्या असममित असतात, पण ही असममिती आणि वंश यांचा काही संबंध दिसत नाही.

हे काम नेमके कसले असते याची कल्पना वर्गात देता येईल. चाळीस विद्यार्थ्यांच्या दोन्ही हातांची लांबी मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. प्रत्येक वेळी उजव्या मापातून डावे माप वजा करा आणि अधिक-उणे चिन्ह जपून ठेवा. चिन्ह पुसले तर कुठली बाजू मोठी हेच कळणार नाही. दोन दिवसांनी तीच मापे आधीचे आकडे न पाहता पुन्हा घ्या. आता तीन गोष्टी ताडून पाहायच्या. एकाच हाताच्या दोन मापांत किती फरक पडला? उजव्या-डाव्या हातांत किती पडला? आणि वर्गाचे दोन गट केले, समजा पुढच्या बाकांवरची मुले आणि मागच्या बाकांवरची, तर त्या गटांच्या सरासरीत किती पडला? गटांमधला फरक हा गटातल्या मुलामुलांमधल्या फरकापेक्षा आणि मोजण्यातल्या चुकीपेक्षा ठळकपणे मोठा नसेल, तर 'गट वेगळे आहेत' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र पाचसहाच मुले मोजली तर मागच्या बाकांवरच्यांचा उजवा हात मोठा असल्याचा 'शोध' लागूही शकतो. हवे ते दिसण्यासाठी थोडीच उदाहरणे घ्यावीत, हे फार जुने तंत्र आहे.

फिशर यांच्या विद्यार्थिनीलाही तो मोह झाला असता तर नवल नव्हते. परका देश, कर्जाचे पैसे, पदवीशिवाय परत गेल्यास घरी काय सांगायचे ही चिंता, आणि समोर जगप्रसिद्ध प्राध्यापक. काही आकडे इकडेतिकडे केले असते तर कोणाला कळले असते? त्यांनी ते केले नाही. फिशर यांनी पदवी नाकारली नाही, पण उत्तीर्ण होण्यापुरती खालची श्रेणी दिली. १९३० मध्ये डॉक्टर होऊन इरावतीबाई पुण्याला परतल्या. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फिशर त्याच वर्षी बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

इरावतीबाईंनी मोजमापांची विद्या मात्र सोडली नाही. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातील जाती-जमातींची शारीरिक मोजमापे वर्षानुवर्षे घेतली. त्या कामावर आज टीका होते आणि ती गैर आहे असे आम्हाला वाटत नाही. बर्लिनमध्ये शिकलेली पद्धत त्यांनी इथे आणली, तिच्यामागचे काही प्रश्नही आणले. पण १४९ कवट्यांचा हिशेब त्यांनी चोख ठेवला होता.

शिक्षकांनी हा प्रसंग दहावी-बारावीच्या प्रॅक्टिकलशी ताडून पाहावा. लंबकाचा प्रयोग करून गुरुत्वत्वरण काढायचे असते. उत्तर ९८० च्या जवळ यावे हे मुलांना ठाऊक असते. म्हणून कित्येक जर्नलांत मुले आधी उत्तर लिहितात आणि मग उलटे गणित करून रीडिंग भरतात. बाहेरून आलेला परीक्षकही सुबक उत्तर पाहून पूर्ण गुण देतो. ९४० हे प्रामाणिक उत्तर लिहून आपली चूक कुठे झाली असावी हे सांगणाऱ्या मुलीला कमी गुण पडतात. त्या मुलीला अधिक गुण मिळायला हवेत असे आमचे मत आहे आणि त्यावर आम्ही कोणाशीही वाद घालू, जल्प नव्हे.

वलवणचा उल्लेख आलाच आहे तर तिथलेच एक उदाहरण सांगतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांच्या वेळी पोटातला दाब किती असतो हे त्यांनी उपकरणे लावून मोजले, क्ष-किरण चित्रेही घेतली. नौलीत हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाखाली जातो असे आढळले, ते योगाच्या अभिमान्यांना आवडलेच असेल. पण प्राणायामात शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो ही लोकप्रिय समजूत मोजमापात टिकेना, आणि त्यांनी तेही छापले. इथे पदवीचा प्रश्न नव्हता आणि परीक्षकही नव्हते.

सगळे परीक्षक मार्गदर्शकापेक्षा मोठ्या मनाचे असतात असे मात्र नाही. डॉ. आंबेडकरांनी लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर केला. हिंदुस्थान सरकारच्या चलनविषयक धोरणावर त्यात कडक टीका होती. परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही, दुरुस्त करून आणायला सांगितले. पैसे संपत आल्याने आंबेडकर १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईला परतले. दुरुस्त प्रबंध त्यांनी इथून पाठवला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी छापील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच आपले मतभेद नोंदवले. शिष्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर गुरू म्हणतो की हे मला सगळे पटलेले नाही, पण वाचण्यासारखे आहे! फिशर यांच्या शेजारी कॅनन यांना ठेवून पाहावे.

आपल्याकडे हे बाह्य परीक्षक इंग्रजी वळणातून आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात आणि मौखिक परीक्षा खुली असते. विभागातले प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी आणि इतर जाणकारांना तिथे बसता येते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा सोहळा होतो. पेढे आधीच आणून ठेवलेले असतात, परीक्षकांची उठबस करण्यात सकाळ जाते आणि प्रश्न असे येतात की त्यांची उत्तरे प्रास्ताविकातच असावीत. वलवणच्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे अडते. मौखिक परीक्षेत नापास होणारे फार थोडे. पण आकडे कुठून आले, हे समोर बसलेला अनोळखी माणूस विचारू शकतो, एवढ्या शक्यतेनेही प्रयोगशाळेतली वही वेगळ्या रीतीने लिहिली जाते, हे आम्ही आमच्याच विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

रुपयाच्या प्रबंधाची परीक्षा लंडनमध्येच संपली नाही. हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करण्यासाठी हिल्टन यंग आयोग १९२५ मध्ये नेमला गेला. त्याच्यापुढे डॉ. आंबेडकर साक्षीला गेले, तेव्हा आयोगाच्या सदस्यांनी त्यांना पुन्हा त्याच विषयावर एकामागून एक प्रश्न विचारले. ती प्रश्नोत्तरे छापलेली आहेत आणि वरच्या वर्गातल्या मुलांना वाचून दाखवण्यासारखी आहेत.