नकाशा

नकाशा आणि नक्षी ही सख्खी भावंडं. मूळ अरबी ‘नक्श’: कोरणं, रेखणं. फारसीतून दोन्ही शब्द मराठीत आले. नक्षी दागिन्यांत, चौकटींवर रमली. नकाशा शेताच्या हद्दी सांगू लागला.

रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपुरात या शब्दाला आता वेगळंच वजन आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ८०हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे, साखर सुतारवाडीवरही डोंगर आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण भागांचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे केले आहेत. त्यांवर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. अख्खी वाडी नखाएवढी! आपलं घर, वरचा ओढा, डोंगराला गेलेली भेग बोट ठेवून दाखवता येईल, असा नकाशा पावसाळ्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलाच पाहिजे.